लघुग्रह शोधमोहीम: टीम कुठे चुकतात आणि काम कोणत्या क्रमाने करायचे

मोहीम सुरू झाली की पहिल्याच रात्री टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो. काळ्या चौकटीत पांढरा ठिपका, त्याला लाल गोल आणि खाली ‘सर, नवीन सापडला!’ बहुतेक वेळा तो ठिपका कॅमेऱ्यातला दोष निघतो, नाहीतर आधीच नोंदलेला जुना लघुग्रह. मुलांची नजर कमी पडते असे नाही. चुकतो तो पायऱ्यांचा क्रम. डेटाबेस ताजा न करता शोधायला बसायचे, मोजण्याआधी आनंद साजरा करायचा आणि पडताळणी मात्र आयोजकांवर सोडून द्यायची, असे नाशिकच्या शाळा-कॉलेजांत वारंवार होताना दिसते.

हा लेख इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन, म्हणजे आयएएससीच्या मोहिमेत उतरणाऱ्या टीमसाठी आहे. या मोहिमेत भाग घ्यायला पैसे लागत नाहीत. हवाईतल्या हालेआकाला पर्वतावर १.८ मीटर व्यासाच्या दोन पॅन-स्टार्स दुर्बिणी आहेत. त्यांतल्या एकीने आकाशाच्या एकाच तुकड्याच्या थोड्या थोड्या वेळाने घेतलेल्या चार प्रतिमांचा एक सेट टीमला मिळतो. त्यात ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सरकणारा ठिपका शोधायचा, ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरवर त्याची जागा मोजायची आणि रिपोर्ट पाठवायचा. सापडतात ते बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या मुख्य पट्ट्यातले, २१-२२ प्रतीचे (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका अंधुक) अंधुक लघुग्रह. त्यांचा व्यास साधारण एक किलोमीटरच्या आगेमागे असतो.

## १. तयारी: माणसे, संगणक, वेळ

टीम तीन ते पाच जणांची ठेवा. वीस नावांची टीम कागदावर शोभते, पण काम दोघेच करतात. जबाबदाऱ्या पहिल्या दिवशीच वाटा: एकाने प्रतिमा पाहायच्या, दुसऱ्याने मोजमाप घ्यायचे, तिसऱ्याने वहीत नोंदी करायच्या. ज्याने ठिपका शोधला त्याने स्वतःच तो पास करायचा नाही, हा नियम मात्र कडक पाळा. आपण शोधलेला ठिपका प्रत्येकाला खराच वाटतो.

ॲस्ट्रोमेट्रिका विंडोजवर चालते, मोबाइलवर नाही. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब मिळाली तर उत्तम, पण तिथे एक अडचण हमखास येते. प्रतिमेतले तारे ओळखण्यासाठी सॉफ्टवेअर दर वेळी इंटरनेटवरून ताऱ्यांची सूची मागवते. लॅबच्या फायरवॉलने ती अडवली की सॉफ्टवेअर तारे जुळले नाहीत असा संदेश देते आणि मुले प्रतिमाच खराब आहे असे समजून सेट बाजूला टाकतात. मोहिमेच्या आठवडाभर आधी लॅब सांभाळणाऱ्या सरांना सोबत बसवून सरावाचा एक सेट पूर्ण चालवून बघा.

गावाकडच्या शाळांनी लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटची सोय करावी. मोहीम महिनाभराची असते आणि तिची तारीख तुमच्या परीक्षेकडे बघून ठरत नाही. सहामाही किंवा प्रॅक्टिकल त्यातच येत असतील तर पुढच्या मोहिमेला नाव द्या. अर्ध्यावर सोडलेले सेट म्हणजे न तपासलेले आकाश.

तपासा: लॅबमधल्या त्याच संगणकावर, त्याच इंटरनेटवर सरावाचा सेट शेवटपर्यंत गेला का? गेला नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. एक लघुग्रह प्रत्यक्ष आकाशात पाहा

ही पायरी मोहिमेच्या सूचनांत नसते. मी मात्र ती प्रत्येक टीमला करायला लावतो. ज्याने सरकणारा ठिपका एकदा आकाशात पाहिला आहे, त्याला स्क्रीनवरची हालचाल लवकर कळते.

वेस्टा हा मोठा लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर समोरच्या दिशेला असताना, सहाव्या प्रतीच्या आसपास किंवा त्याहूनही तेजस्वी होतो. १० बाय ५० च्या द्विनेत्री दुर्बिणीतून तो सहज दिसतो. स्टेलारियम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याची जागा काढा, आजूबाजूच्या ताऱ्यांचे चित्र वहीत काढा आणि दोन-तीन रात्रींनी तोच भाग पुन्हा काढा. एक ठिपका जागा सोडून गेलेला असेल.

जागा निवडताना नाशिक शहराचा उजेड कोणत्या बाजूला येतो ते पाहा. गंगापूर धरणाच्या किंवा त्र्यंबकच्या बाजूला गेलात तर शहर पूर्वेला राहते. प्रतियुतीतला लघुग्रह संध्याकाळी पूर्वेलाच उगवतो, म्हणजे नेमका उजेडात. तिथे रात्री अकरा-बारापर्यंत थांबावे लागते, तेव्हा तो डोक्याकडे येतो. चांदवडच्या बाजूला गेलात तर शहराचा उजेड पश्चिमेला जातो आणि पूर्व क्षितिज लवकर कामाला येते. पावसाळा सोडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ, फक्त लेन्सवर दव धरते त्यासाठी कोरडे कापड बरोबर असू द्या.

वेस्टाचा व्यास सुमारे ५२५ किलोमीटर आहे. स्क्रीनवर तुम्ही जे शोधणार ते याच्या काहीशे पटींनी लहान असेल.

## ३. सेट उघडण्यापूर्वी चार गोष्टी, याच क्रमाने

पहिली: सेटिंगची फाइल. आयोजकांनी पाठवलेली सेटिंगची फाइल ॲस्ट्रोमेट्रिकात लोड करा. वेधशाळेचा कोड, कॅमेऱ्याची माहिती, ताऱ्यांची सूची हे सगळे तिच्यात असते. पॅन-स्टार्सच्या पहिल्या दुर्बिणीचा कोड एफ५१, दुसरीचा एफ५२. दुसऱ्या दुर्बिणीची फाइल लावली तर सगळी मोजमापे चुकीच्या ठिकाणाच्या नावावर जातात. इंटरनेटवर कुणीतरी टाकलेली जुनी फाइल वापरू नका.

दुसरी: ज्ञात लघुग्रहांचा डेटाबेस. ‘इंटरनेट’ मेन्यूतून ‘एमपीसीऑर्ब’ नव्याने डाउनलोड करा. मायनर प्लॅनेट सेंटर, म्हणजे एमपीसीकडे आजवर नोंदलेल्या तेरा लाखांहून अधिक लघुग्रहांच्या कक्षा यात असतात. यादी सतत वाढते. महिन्यापूर्वीची फाइल ठेवलीत तर त्या महिन्यात नोंदलेले सगळे लघुग्रह तुम्हाला ‘नवीन’ दिसतील. ‘नवा सापडला’ अशा बातम्यांतले कितीतरी ठिपके इथेच फसलेले असतात.

तिसरी: जुनी मोजमापे पुसा. ‘फाइल’ मेन्यूत ‘रिसेट फाइल्स’ आहे. ते न करता पुढचा सेट उघडला की आधीच्या सेटची मोजमापे त्याच रिपोर्टच्या फाइलीत राहतात आणि दोन सेट एकमेकांत मिसळतात. आधीचा रिपोर्ट पाठवला आहे याची खात्री करा आणि मगच रिसेट करा, उलट क्रमाने नको.

चौथी: सेटचे नाव वहीत. सेटचे नाव, उघडल्याची तारीख, उघडणाऱ्याचे नाव.

तारखेबद्दल एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. प्रतिमांवरची वेळ जागतिक वेळ असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. हवाईत रात्रीचे दहा वाजतात तेव्हा नाशकात दुसऱ्या दिवशीचे दुपारचे दीड वाजलेले असतात. टीपणांत ‘काल रात्रीचा सेट’ असे लिहू नका, प्रतिमेवरचीच तारीख आणि वेळ उतरवा.

सावधान: या चारपैकी एकही ‘नंतर करू’ म्हणून सोडू नका. नंतर केल्यास सगळा सेट पहिल्यापासून पाहावा लागतो.

## ४. प्रतिमा जुळवा आणि ब्लिंक करा

चारही प्रतिमा एकत्र लोड करा. वेळेचा क्रम बरोबर आहे ना ते पाहा. मग ताऱ्यांची जुळणी चालवा. जुळणी झाली की प्रत्येक प्रतिमेतल्या बिंदूचे आकाशातले स्थान, म्हणजे विषुवांश आणि क्रांती, सॉफ्टवेअरला कळते. जुळणी झाली नाही तर आधी इंटरनेट तपासा, मग सेटिंगची फाइल. हाताने तारे जुळवत बसण्याची वेळ सहसा येत नाही.

आता ‘टूल्स’ मेन्यूतून ब्लिंक. चारही प्रतिमा एकामागून एक दिसू लागतात. तारे जागेवर राहतात, लघुग्रह टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो.

ब्लिंकमध्ये टीम दोन चुका करतात. पहिली, संपूर्ण प्रतिमा एकाच वेळी स्क्रीनवर आणतात. अंधुक ठिपका त्या आकारात दिसणारच नाही. प्रतिमा मोठी करा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, एक पट्टा उजवीकडे, मग खालचा पट्टा. पट्टे थोडे एकमेकांवर येऊ द्या, म्हणजे काठावरचा ठिपका निसटत नाही. प्रतिमा उलट्या रंगात, म्हणजे पांढऱ्यावर काळे तारे, करून पाहा. अनेकांना तसे जास्त स्पष्ट दिसते. खोलीत उजेड कमी ठेवा आणि स्क्रीनवर खिडकी पडू देऊ नका.

दुसरी चूक, ज्ञात लघुग्रहांच्या खुणा आधीच चालू करतात. मग नजर त्या चौकोनांकडेच जाते आणि चौकोन नसलेल्या जागा वरवर पाहिल्या जातात. आधी खुणांशिवाय पूर्ण सेट पाहा, सापडलेले सगळे ठिपके वहीत मांडा आणि मग खुणा लावा. तुम्ही शोधलेल्यांत ज्ञात लघुग्रह आले असतील तर तुमचा डोळा बरोबर चालला आहे. स्पष्ट दिसणारे ज्ञात लघुग्रहही सुटले असतील तर सेट पुन्हा पाहायचा, यावर वाद नको.

सॉफ्टवेअरची स्वयंचलित शोधसुविधा सगळ्यात शेवटी वापरा. ती खोटे ठिपके भरपूर देते आणि अंधुक खरे सोडते. तिच्यावर सेट सोपवून चहाला गेलेली टीम मला चालत नाही.

## ५. ठिपका खरा की खोटा

सगळा वेळ इथे द्या. लघुग्रह शोधणे म्हणजे खरे तर हीच पायरी.

ठिपक्यावर क्लिक केले की पडताळणीची खिडकी उघडते. तिच्यात तीव्रतेचा आलेख आणि काही आकडे असतात. चारही प्रतिमांत क्लिक करा आणि हे पाहा:

आलेख. खऱ्या ठिपक्याचा आलेख मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना सारखा उतरणारा असतो. मोजलेले बिंदू त्या वक्ररेषेच्या जवळ बसतात. बिंदू इकडेतिकडे विखुरलेले असतील तर तो नॉइज, म्हणजे प्रतिमेतला नुसता गोंगाट.

एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत खऱ्या प्रकाशाचे प्रमाण. ५ च्या खाली असेल तर हात आखडता घ्या. चारपैकी एकाच प्रतिमेत कमी असेल तर एवढ्यावरून टाकू नका, पण चारही कमी असतील तर सोडा.

ठिपक्याची रुंदी, एफडब्ल्यूएचएम. ती शेजारच्या ताऱ्यांच्या रुंदीइतकी हवी. वातावरण आणि दुर्बीण दोघांवरही सारखाच परिणाम करतात. एकाच पिक्सेलमध्ये कोंबलेला टोकदार ठिपका म्हणजे हॉट पिक्सेल (कॅमेऱ्यातला सदोष बिंदू) किंवा वैश्विक किरणाचा फटका. हा फरक शिकायला सोपा मार्ग: आधी पाच-सहा ताऱ्यांवर क्लिक करून त्यांची रुंदी वहीत लिहा, मग संशयित ठिपक्याची तिच्याशी लावून पाहा.

तेजस्विता. चारही प्रतिमांत जवळपास सारखी हवी. अंधुक ठिपक्यात काही दशांश प्रतींचा फरक चालतो. एकीत २०.१ आणि पुढच्यात २१.९ असेल तर तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींवर क्लिक केले आहे.

आणि चाल. सगळ्यात जास्त खोटे ठिपके इथे पकडले जातात, म्हणून एक उदाहरण आकड्यांनिशी देतो.

समजा चार प्रतिमा जागतिक वेळेनुसार १०:००, १०:१८, १०:३६ आणि १०:५४ ला घेतल्या. पहिल्या ते दुसऱ्या प्रतिमेत ठिपका ९.० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) पश्चिमेला आणि ३.१ विकला दक्षिणेला गेला. दुसऱ्या ते तिसऱ्यात ८.८ आणि ३.०. तिसऱ्या ते चौथ्यात ९.१ आणि ३.१. प्रत्येक टप्प्यात एकूण सरकणे सुमारे साडेनऊ विकला, १८ मिनिटांत. म्हणजे मिनिटाला साधारण ०.५३ विकला, आणि दिशा तीच. प्रतियुतीजवळच्या मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाचा वेग साधारण एवढाच असतो. हा ठिपका पुढे न्यायचा.

दुसरा ठिपका बघा: ९.०, मग २.१, मग १४.६ विकला. डोळ्यांना ओळीत दिसेल, पण चाल लंगडी आहे. हे तीन-चार वेगवेगळे नॉइजचे डाग तुमच्या मेंदूने एका रेषेत बसवले आहेत. सोडा.

आता तिसरा: ९.०, ८.९, १८.१. घाईत असलेली टीम हाही फेकून देते. आधी वेळ पाहा. चौथी प्रतिमा ११:१२ ला, म्हणजे ३६ मिनिटांनी घेतली असेल तर १८ विकलाच यायला हव्यात. ठिपका खरा आहे. अंतर कधीही एकटे पाहू नका, वेळेने भागून वेग पाहा.

विषुवांशातला फरक काढताना हमखास चूक होते. विषुवांश तास-मिनिट-सेकंदांत असतो, क्रांती अंश-कला-विकलांत. विषुवांशाचा एक सेकंद म्हणजे १५ विकला, आणि त्यालाही क्रांतीच्या कोसाइनने गुणावे लागते. क्रांती २० अंश असेल तर तो सेकंद सुमारे १४.१ विकलांचा होतो. हे न करता दोन्ही आकडे सरळ एकमेकांशी लावले तर खरा लघुग्रहही वाकडा चालताना दिसतो.

शेवटची कसोटी मला सगळ्यात भरवशाची वाटते. त्याच सेटमधला एखादा ज्ञात लघुग्रह घ्या आणि त्याची दिशा व वेग काढा. मुख्य पट्ट्यातले लघुग्रह आकाशाच्या एका तुकड्यात साधारण एकाच दिशेने आणि जवळजवळ सारख्या वेगाने जातात, कारण त्यांच्या चालीवर पृथ्वीच्या स्वतःच्या गतीचा मोठा प्रभाव असतो. तुमचा ठिपका त्यांच्या सोबतीने जात असेल तर चांगले लक्षण. भलत्याच दिशेने किंवा फार वेगाने जात असेल तर बहुधा खोटा. पण बाकी सगळ्या कसोट्यांना उतरत असेल तर तो पृथ्वीजवळचा लघुग्रह असू शकतो. तशी शक्यता दिसली की आयोजकांना त्याच दिवशी कळवा. असे ठिपके थांबत नाहीत.

तपासा: निदान तीन प्रतिमांत मोजमाप आहे? आलेख, एसएनआर, रुंदी, तेजस्विता, वेग, दिशा या सहाही गोष्टी वहीत लिहिल्या? शोधणाऱ्याखेरीज दुसऱ्याने पाहिल्या?

सावधान: तेजस्वी ताऱ्याच्या काट्यांसारख्या किरणांजवळ, प्रतिमेच्या कडेला आणि कॅमेऱ्याच्या दोन चिपमधल्या काळ्या फटीजवळ सापडलेल्या ठिपक्याला दुप्पट कडक नियम लावा.

## ६. ज्ञात आहे का ते पाहा

आता ज्ञात लघुग्रहांच्या खुणा पुन्हा पाहा. इथली चूक नेहमीची: ठिपका चौकोनाच्या बरोबर आत नाही, जरा बाजूला आहे, म्हणून त्याला नवीन म्हणायचे. ज्या लघुग्रहाची कक्षा थोड्याच निरीक्षणांवर बांधली आहे, त्याची गणिताने काढलेली जागा प्रत्यक्षापासून सरकलेली असू शकते. चौकोन आणि ठिपका जवळ असतील, दोघे एकाच दिशेने आणि एकाच वेगाने जात असतील, तर ते दोन्ही एकच समजा. पडताळणीच्या खिडकीत नावाच्या रकान्याशेजारचे बटण दाबले की आसपासच्या ज्ञात लघुग्रहांची यादी येते. तिच्यातला वेग तुमच्या मोजलेल्या वेगाशी लावून पाहा.

कशाशीही जुळत नसेल तरच तो संभाव्य नवा. त्याला मोहिमेच्या पद्धतीप्रमाणे टीमची अक्षरे आणि पुढे आकडे असे तात्पुरते नाव द्या. हे नाव सात वर्णांपेक्षा मोठे होऊ शकत नाही, कारण एमपीसीच्या नमुन्यात तेवढीच जागा आहे. एक नाव एकदाच वापरायचे. मागच्या सेटमधले नाव पुढच्या सेटमध्ये दुसऱ्या ठिपक्याला दिले की दोन वेगळे लघुग्रह एकच समजले जातात.

## ७. रिपोर्ट

रिपोर्टमधली प्रत्येक ओळ ८० वर्णांची असते आणि तारीख, विषुवांश, क्रांती, तेजस्विता, वेधशाळेचा कोड यांच्या जागा ठरलेल्या असतात. म्हणून रिपोर्ट वर्डमध्ये उघडून ‘नीट’ करू नका. एक जागा वाढली तरी रकाने सरकतात. पाहायचे असेल तर नोटपॅडमध्ये पाहा, हात लावू नका.

पाठवण्यापूर्वी मोजा: एका लघुग्रहाच्या ओळी तीन किंवा चार आहेत ना? चारपेक्षा जास्त असतील तर एकाच प्रतिमेत दोनदा क्लिक झाले आहे. तारीख याच सेटची आहे ना? शेवटचा कोड बरोबर आहे ना?

सेटमध्ये काहीच सापडले नाही तर तेही कळवा. काही टीम रिकामा रिपोर्ट पाठवायला लाजतात आणि मग ओढूनताणून एखादा अंधुक डाग त्यात घालतात. आयोजक तो पाहतात, वेळ घालवतात आणि तुमच्या पुढच्या चांगल्या नोंदीकडेही संशयाने पाहतात.

## ८. पाठवल्यानंतर: बातमी कधी द्यायची

आयोजक तुमची नोंद तपासतात आणि योग्य वाटली तर ‘प्राथमिक नोंद’ म्हणून कळवतात. याच ठिकाणी नाशिकच्या वर्तमानपत्रांत ‘विद्यार्थ्यांनी लघुग्रह शोधला’ असा मथळा येतो. तो तेव्हा खरा नसतो.

एका रात्रीच्या तीन-चार मोजमापांवरून कक्षा निघत नाही. एमपीसी अशी एकट्या रात्रीची निरीक्षणे वेगळ्या संग्रहात ठेवते. दुसऱ्या रात्रीची निरीक्षणे त्यांच्याशी जुळली की तात्पुरते नामाभिधान मिळते. ते वाचायला शिका, म्हणजे कुणाच्या सांगण्यावर विसंबावे लागणार नाही. अपोफिस या लघुग्रहाचे आधीचे नामाभिधान २००४ एमएन४ होते. २००४ हे वर्ष. पहिले अक्षर अर्धा महिना सांगते: जानेवारीचा पहिला पंधरवडा ए, दुसरा बी, असे पुढे, आय वगळायचे. एम म्हणजे जूनचा दुसरा पंधरवडा, आणि खरोखर तो १९ जूनला सापडला. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम सांगते; पंचवीस अक्षरे संपली की शेजारचा आकडा एकाने वाढतो. इथेही आय वगळला की एन हे तेरावे अक्षर, आकडा ४, म्हणजे चार वेळा पंचवीस अधिक तेरा: त्या पंधरवड्यातला ११३ वा.

नामाभिधान मिळाले तरी शोधाचे श्रेय ठरलेले नसते. २०१० पासूनच्या नियमानुसार शोधकर्ता कोण हे लघुग्रहाला क्रमांक देताना ठरते. आधीच्या वर्षांतली कुणाची निरीक्षणे जुळली तर श्रेय तिकडे जाऊ शकते.

म्हणून प्रेसनोट देताना शब्द असे ठेवा: ‘आमच्या टीमने पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमांत एका संभाव्य नव्या लघुग्रहाची प्राथमिक नोंद केली आहे, पुढील निरीक्षणांनी तिची खात्री व्हायची आहे.’ ‘नासाने शोधाचे प्रमाणपत्र दिले’ असे लिहू नका. प्रमाणपत्र मोहिमेतल्या सहभागाचे आणि नोंदीचे असते. ‘नाशिकमधून शोधला’ असेही नको, कारण निरीक्षणाचे ठिकाण हालेआकालाच राहणार. मुलांचे काम एवढ्यानेही पुरेसे मोठे आहे, त्याला फुगवून कमी करू नका.

## ९. क्रमांक आणि नाव

मुख्य पट्ट्यातला लघुग्रह साधारण सव्वा ते दीड वर्षाने पुन्हा प्रतियुतीला येतो. क्रमांक मिळायला सहसा अशा चार प्रतियुतींतली निरीक्षणे लागतात, म्हणजे चार-पाच वर्षे कुठेच गेली नाहीत. आयएएससीच्या टीमना सहा ते दहा वर्षे धरून चालावे लागते. दहावीतली मुलगी तोवर नोकरीला लागलेली असेल.

क्रमांकानंतर नाव सुचवता येते. नाव रोमन लिपीत, जागा धरून जास्तीत जास्त सोळा वर्णांचे. कुसुमाग्रज हे नाव दहा अक्षरांत बसते, त्र्यंबकेश्वर तेरात, आणि दादासाहेब फाळके मधली जागा धरून नेमक्या सोळात. आधीच्या एखाद्या नावाशी फार मिळतेजुळते नको, व्यापारी जाहिरात नको, आणि राजकीय किंवा लष्करी कार्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीच चालते. नगरसेवकाला दिलेला शब्द इथे उपयोगाचा नाही. अंतिम निर्णय आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या नामकरण गटाचा असतो.

नोंदणी करताना शिक्षकाचा खाजगी ईमेल देऊ नका. त्यांची बदली झाली की पत्रव्यवहार तुटतो. संस्थेचा पत्ता द्या. सेटची वही, पाठवलेले रिपोर्ट आणि आलेले ईमेल छापून एका फाइलीत घाला, वर तात्पुरते नामाभिधान ठळक लिहा आणि ती फाइल विज्ञान विभागाच्या कपाटात, स्टॉक रजिस्टरला नोंद करून ठेवा. वर्षातून एकदा, जूनमध्ये शाळा उघडली की, नव्या टीमने त्या नामाभिधानाची एमपीसीच्या यादीतली सद्यस्थिती पाहून तारखेसह त्याच फाइलीत लिहायची.